रकाना चौदा

प्राचार्यबाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला, म्हणाल्या,
"विजयकर, रकाना चौदा तेवढा तुम्ही भरा."
नामवंत माजी विद्यार्थी. किमान दहा.
समिती सोमवारी येणार.
आज शुक्रवार, आणि पंख्यांना रंग लागतोय.

आमचं कॉलेज रे रोडला, लाकडाच्या वखारीवर,
तिसरा मजला, पहिला तास संध्याकाळी सहा चाळीसला.
परीक्षेत उत्तरपत्रिकेवर भुसा बसतो,
मुलं तो फुंकतात, मग लिहायला लागतात.
जिमखाना म्हणजे एक कॅरम.
त्यातली एक पांढरी सोंगटी हरवली
ती कुणाच्या तरी कोटाच्या बटणानं भरून काढली;
राणीला कव्हर तेच घ्यायचं, असा इथला नियम.

पहिलं नाव सोपं होतं.
अकरा महिने राज्यमंत्री.
जिन्यात फोटो आहे, त्याला हारही आहे.
गृहस्थ हयात आहेत.
हार कुणी घातला, कुणी कबूल होत नाही.

दुसरे कांगा लीगचे अंपायर.
सख्ख्या मेव्हण्याला पायचीत दिलं
आणि गणपतीपर्यंत घरी धड वाढलं गेलं नाही.

तिसरी हुस्नारा मुकादम.
तिचा आवाज अर्ध्या शहरानं ऐकलाय:
आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही.
पडताळणीसाठी मी तिचा क्रमांक फिरवला.
अस्तित्वात नाही.
आता हे दुसरीच कुणी बाई सांगते.

चौथ्यावर पेन अडलं.

मग माळ्यावरचे हजेरीपट उतरवले.
शहाऐंशी साल, अर्थशास्त्र, नाबर सर.
गोदीतून सुटलेली पोरं मागच्या बाकावर आडवी व्हायची
आणि सर आवाज उतरवून शिकवायचे,
मागणी, पुरवठा, सगळं अंगाईच्या पट्टीत.
हजेरी लावताना म्हणायचे,
"झोपलाय म्हणजे आलाय."
त्या झोपलेल्यांत एक मी.
सेकंड क्लास मिळाला.

हेमलता तांडेल भाऊच्या धक्क्यावरून थेट यायची,
खिडकीशी बसायची, वारा बाहेर जावा म्हणून.
कुणी नाक मुरडलं नाही, असं लिहिणार होतो.
दोघांनी मुरडलं होतं.
त्यातला एक जिन्यात आहे, हारासकट.
पदवीनंतर ती कुठे गेली, दप्तरात नोंद नाही.
मी तिचं नाव लिहिलं. पुढची जागा कोरी ठेवली.

शनिवारी दुपारी सायमन आला, वसईहून,
लिफ्टला वंगण घालायला.
दर वर्षी येतो. पैसे घेत नाही.
दोन टर्म होता इथे, मग फी थकली,
पटावरून नाव कमी झालं.
"नाव कमी" हे दोन शब्द
माझ्याच अक्षरात आहेत, तांबड्या शाईत,
मी नवीन होतो तेव्हा, अक्षर फार चांगलं होतं.

जाळीतून खाली वाकून विचारलं,
"सायमन, तुझं नाव घालू का रे?"
खालून पान्याचा आवाज. मग तो.
"घाला. घोन्सालविस तेवढं नीट लिहा,
कमी करताना चुकलं होतं."

सोमवारी समितीचे चौघे वर आले,
एकदाही धक्का न बसता.
चहा झाला. काजू झाले.
अध्यक्षांचं बोट रकान्यावरून उतरत उतरत थांबलं.
"हे घोन्सालविस कोण?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "सर, आपण आत्ता वर आलात ना,
ते."

कुणी हसलं नाही.
त्यांनी जाळीच्या दाराकडे एकदा पाहिलं,
चष्मा पुसला, पान उलटलं.
रकाना पंधरा.
पिण्याच्या पाण्याची सोय.